वाघाची वाट

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात शेतशिवारांनी वेढलेलं एक बेट आहे : सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं ज्ञानगंगा अभयारण्य. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ शेतं, नाले, रस्ते ओलांडत, सुमारे तीन हजार किलोमीटर भटकून इथे पोहोचला. इथे शिकार होती, पाणी होतं, संरक्षण होतं. वाघीण मात्र नव्हती. पुढे २०२१ मध्ये तो गौताळ्याच्या जंगलात दिसला.

नुसतं जंगल राखून भागत नाही. एका जंगलातून दुसऱ्यात जाणारी वाटही राखावी लागते. ती वाट आपल्याच शिवारातून जाते. नाल्याकाठची झाडी, बांधावरची बाभूळ यांवर कुऱ्हाड उचलण्याआधी आज थोडं थांबूया.