जोडणी आणि पोच

गेल्या दिवाळीत आमचा पुतण्या हैदराबादेहून मुधोळास आला, तो आजीसाठी एक भेट घेऊन. बोटभर लांबीचे एक उपकरण होते. ते दूरचित्रवाणी संचास लावले की इंटरनेटवरून हवी ती कीर्तने, नाटके, जुने चित्रपट घरबसल्या पाहता येतात. भेट नामी होती, यात शंका नाही. अडचण एवढीच की आईच्या खोलीतील संच एकवीस इंची, काचेच्या नळीचा, पंचवीस वर्षांहून जुना. उपकरणाचे टोक चपटे, एचडीएमआय जातीचे. संचाच्या पाठीवर मात्र पिवळी, पांढरी आणि तांबडी अशी तीन गोल सॉकेटे.

पुतण्याने निजामाबादेहून रूपांतर करणारी एक डबी आणली. ती उलट्या दिशेची निघाली, म्हणजे जुन्या यंत्राचे चित्र नव्या संचावर नेणारी. मग दुसरी आणली. तिच्यावरील छोटी कळ अमेरिकी पद्धतीवर होती, त्यामुळे चित्र काळेपांढरे आले आणि वरखाली सरकू लागले. कळ आपल्याकडील ‘पाल’ पद्धतीवर सरकवताच रंग उमटले. घरात आनंदीआनंद झाला. पुतण्याने विचारले, “आजी, दिसायलं का?” आई म्हणाली, “दिसायलंय की, बाळा.” आम्ही सारे समाधानाने उठलो.

महिनाभराने आमच्या ध्यानी आले की आई संचाकडे पाहतच नव्हती. ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसे आणि कीर्तन नुसते ऐके. पडद्यावरील अक्षरे तिला एकही लागत नव्हती, माणसे उभट आणि किरकोळ दिसत होती. पण नातवाने हौसेने आणलेल्या वस्तूला नाव कसे ठेवावे, म्हणून ती गप्प राहिली होती. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला आहे. जुन्यास नव्याशी जोडताना जे हरवते, त्याचा भार कोणी सोसावा? आणि जोडणी झाली, म्हणजे पोचले, असे आपण कशावरून समजतो?

प्रश्न यंत्राच्या निमित्ताने उद्भवला, म्हणून आधी यंत्राचेच पाहू. नव्या उपकरणातून निघणारे पूर्ण दर्जाचे चित्र १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांचे, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपक्यांचे असते. आपल्याकडील जुन्या पद्धतीचे चित्र ६२५ रेषांचे. त्यांपैकी ५७६ रेषाच प्रत्यक्ष चित्राच्या. अंकांच्या भाषेत ते ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपके भरतात. हा बरोबर पाचवा हिस्सा झाला. शिवाय नवे चित्र सोळास नऊ या प्रमाणात रुंद, तर जुना पडदा चारास तीन. रुंद चित्र न कापता अरुंद चौकटीत बसवायचे तर दोनच वाटा उरतात. वर-खाली काळ्या पट्ट्या सोडाव्यात, म्हणजे ५७६ रेषांपैकी ४३२ रेषाच कामी येतात. नाही तर चित्र दोन्ही बाजूंनी दाबावे, म्हणजे माणसे लांबट होतात. या दोहोंपैकी काहीही केले तरी मूळ चित्रातील बारीक अक्षरे वाचनीय राहात नाहीत. केवळ एक टोक चपटे आणि दुसरे गोल असलेल्या साध्या तारेने हे काम होतच नाही, कारण एका बाजूस अंकांचा प्रवाह असतो आणि दुसऱ्या बाजूस चढउताराच्या विद्युत्-लहरी. मध्ये अर्थ लावणारा कोणी तरी लागतो, आणि त्यास वेगळी वीजही पुरवावी लागते.

या हानीस कोणी दोषी नाही. जुन्या संचाची कुवतच तेवढी. पावशेराच्या मापात सव्वाशेर मावत नाही, म्हणून आपण मापास शिव्या देत नाही. कुवतीअभावी आलेला नकार क्षम्य असतो. किंबहुना तो नकारच नव्हे, ती मर्यादा होय.

परंतु दुसऱ्याही प्रकारचा नकार आमच्या अनुभवास आला. एक जुना चित्रपट लावला असता पडदा काळा झाला आणि हे चित्र या जोडणीवर दाखविता येणार नाही, अशी सूचना उमटली. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. एचडीएमआयच्या वाटेवर एचडीसीपी नावाची एक राखणव्यवस्था असते. ती इंटेल कंपनीने घडविली. देणारे यंत्र घेणाऱ्या यंत्रास आधी ओळख विचारते. समोरून मान्य किल्ली दाखविली गेली तरच चित्र सोडते. समोरच्यापाशी ती किल्ली नसली तर चित्र अडते, मग पलीकडचा पडदा ते दाखवावयास कितीही समर्थ असो. उच्च दर्जाचे काही आरंभीचे संच याच कारणाने अडले होते. त्यांना चित्र पेलत होते, परवानगी तेवढी नव्हती.

ब्लू-रे तबकड्यांच्या बाबतीत तर याची तारीखही ठरविण्यात आली. त्यांच्या संरक्षणपद्धतीच्या परवाना-करारानुसार ३१ डिसेंबर २०१० नंतर बनणाऱ्या यंत्रांनी अशा तबकडीचे चित्र जुन्या ॲनालॉग वाटेने द्यायचे तर केवळ सामान्य दर्जाचे द्यावे, आणि ३१ डिसेंबर २०१३ नंतर बनणाऱ्या यंत्रांनी त्या वाटेने ते मुळीच देऊ नये, असे ठरले. या व्यवस्थेस त्या क्षेत्रात ‘ॲनालॉगचा सूर्यास्त’ म्हणतात. सूर्य आपोआप मावळतो. हा सूर्य माणसांनी तारीख घालून मावळविला. येथे मर्यादा संपून इच्छा सुरू होते, आणि जेथे इच्छा आली तेथे नीतीचा प्रश्नही आला.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे न ऐकता निवाडा करणे योग्य नव्हे. चित्रपट निर्माण करणाऱ्यास त्याच्या श्रमाचे मोल मिळावे, चोरट्या प्रतींनी त्याचे नुकसान होऊ नये, ही अपेक्षा रास्त आहे. दाराला कुलूप लावण्याचा हक्क घरधन्यास आहेच. आमचा आक्षेप कुलपास नाही. चोर अडविण्यासाठी लावलेले कुलूप जेव्हा मोल देऊन आत येऊ पाहणाऱ्या वृद्ध पाहुण्यासही अडविते, आणि तो चोर नव्हे हे ठाऊक असूनही त्याच्यासाठी दुसरे दार ठेवले जात नाही, तेव्हा त्या कुलपामागील विचार तपासून पाहिला पाहिजे.

दुसरे दार ठेवणे अशक्य असते, असेही म्हणता येत नाही. आपल्यातील वडीलधाऱ्यांस १९८२ साल आठवत असेल. त्या वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शनवर रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धा रंगांत दिसल्या. त्या दिवशी देशातील कृष्णधवल संच बंद पडले नाहीत. ज्याच्या घरी रंगीत संच होता त्याला रंग दिसले. ज्याच्या घरी जुना होता त्याला तेच चित्र, त्याच क्षणी, काळ्यापांढऱ्यात दिसले. हा योगायोग नव्हता. जर्मनीत वाल्टर ब्रूख यांनी सिद्ध केलेल्या ‘पाल’ पद्धतीत, आणि तिच्याही आधी १९५३ मध्ये अमेरिकेने स्वीकारलेल्या रंगीत पद्धतीत, उजेडाचा भाग जुन्या संचास उमगेल असा कायम ठेवून रंगांची माहिती त्याच लहरीत बेताने गुंफली होती. याची किंमत नव्यानेच मोजली. बारीक रेघांच्या कापडावर नसलेले रंग लवलवताना आपण पाहिले असतील. रंग आणि उजेड एकाच वाटेने न्यावे लागल्याचा तो दोष होय. जुन्यास बरोबर घेण्यासाठी नव्याने आपल्या सौंदर्यात थोडे उणेपण पत्करले. ज्याची कुवत अधिक, त्याने वाकावे, हा धर्म येथे यंत्ररचनेतच पाळला गेला होता.

त्याहून सात वर्षे मागे जाऊ. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर आपल्या देशात उपग्रहाद्वारे खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. आंध्र प्रदेशासह सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे त्यात होती. उपग्रहाच्या लहरी साध्या संचास समजत नसत. म्हणून गावोगावी जाळीची मोठी छत्री आणि संचाजवळ रूपांतर करणारी एक पेटी बसविली गेली. चित्र एक, पण त्यासोबत ध्वनीच्या वाटा दोन ठेवल्या होत्या, म्हणजे एकाच चित्राबरोबर दोन भाषांतील निवेदन पाठविता येई. गावकऱ्याने आपली भाषा सोडून यावे, अशी अट त्या योजनेने घातली नाही. दुसरी वाट पाठविणाऱ्यानेच ठेवली.

दोन भाषांची ही गोष्ट मुधोळकरांच्या जिव्हाळ्याची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला. मात्र मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे कायद्याने त्यातून वगळली गेली आणि आंध्र प्रदेशात राहिली. पुढे आपण आदिलाबाद जिल्ह्याचे झालो, २०१४ मध्ये तेलंगणाचे आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्याचे. आपली घरे जागची हलली नाहीत. भोवतालच्या जोडण्या तेवढ्या बदलत गेल्या. आपल्या आजोबांनी दफ्तरासाठी उर्दू शिकून घेतली, वडिलांनी तेलुगू, मुलांनी इंग्रजी. प्रत्येक वेळी घरात मध्यस्थाची डबी बसली. तिने आपले काम चोख केले, याबद्दल आपण कृतज्ञ असावे. तेलुगू शेजाऱ्यांनी दिलेली माया तर कोणत्याही डबीविना पोचली. परंतु घराघरांत एखादी आजी अशी असते, जी नातवंडांच्या संभाषणात हसते तेथे हसते, मान डोलवते आणि विचारले असता “कळायलंय की” म्हणते. आपण तिला चांगले ओळखतो. तिचे ते उत्तर आपण किती वेळा खरे मानले, हे आपणच आठवावे.

येथे कोणी म्हणेल की एवढा विचार कशास हवा. नवा संच आणावा आणि मोकळे व्हावे. आक्षेप पोकळ नाही. नळीचे संच वीज अधिक खातात, सुटे भाग दुर्मिळ झाले आहेत, आणि जुने म्हणून सारेच जपण्यासारखे नसते. तथापि टाकून देणे हेही निरपराध कर्म नव्हे. त्या नळीच्या काचेत शिसे असते. संच भंगारात फुटला की ते शिसे कोणाच्या तरी मातीत, कोणाच्या तरी हातांवर जाते. चालत्या वस्तूस केवळ तिच्याशी कोणी बोलत नाही म्हणून निकामी ठरविणे, हा वस्तूवरील अन्याय नसेल कदाचित. पण ती सवय माणसांकडे वळावयास वेळ लागत नाही. शिवाय त्या संचाची कळ कोठे, आवाजाचे बटण कोठे, हे आईच्या बोटांस पाठ आहे. नवा संच आणताना आपण तिच्याकडून एक वस्तू नव्हे, तर अंधारातही कोणाच्या मदतीविना चालणारे एक स्वातंत्र्य काढून घेतो.

आणि उतरविणे म्हणजे उणे करणेच, असेही आम्ही मानीत नाही. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, तेव्हा तो उणा झाला असे कोण म्हणेल? त्यांनी ग्रंथाइतकाच श्रोताही डोळ्यांसमोर ठेवला होता. डबी फक्त लहरींचे रूप बदलते. ऐकणाऱ्यास काय हवे हे ती विचारीत नाही. विचारणे हे काम माणसाचे, आणि आमच्या घरात नेमके तेच राहून गेले होते. जोडणी पुतण्याने केली, पण “दिसायलं का?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही पडद्याकडे पाहून घेतले, आईच्या डोळ्यांकडे पाहून नव्हे. सामर्थ्य ज्याचे, त्याने दुबळ्याच्या होकारावर विसंबू नये. प्रेमापोटी दिलेला होकार तर दोनदा तपासावा.

पुढे आम्ही जे केले ते साधेच होते. उपकरणातील अक्षरांचा आकार मोठा केला. चित्र न दाबता पट्ट्यांसह दाखविण्याची सोय निवडली. माणसे लहान झाली, पण माणसांसारखी दिसू लागली. छत्रीची जुनी पिवळी तार काढून ठेवली होती ती पुन्हा आणली आणि दोन्ही वाटा एका कळीवर घेतल्या. कळ इकडे केली की नेहमीचा सह्याद्री, तिकडे केली की नातवाची भेट. तो काळ्या पडद्याचा चित्रपट मात्र आमच्याकडे अजूनही दिसत नाही.

नवा संच आणावयाचा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार आम्ही आईकडे सोपविला आहे. परवा तिला पुन्हा विचारले, या वेळी खाटेशेजारी बसून, तिच्या नजरेच्या रेषेत पडदा ठेवून. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “बुवांचं तोंड दिसायलंय. खालचं लिहिलेलं नाही दिसत.” हे उत्तर मिळण्यास आम्हांस दोन महिने लागले, आणि तारा जोडून ते मिळाले नसते. आपल्याही घरी अशी एखादी खोली, असा एखादा संच आणि असे एखादे “दिसायलंय की” असेल. या दिवाळीत नवे काही जोडण्याआधी एकदा तेथे जाऊन बसावे, एवढीच आमची विनंती.