वेड्या बाभळीचे मूळ



वडोद्याला अलकापुरीत एका भक्ताच्या घरी वचनचिंतन झाले. प्रसादाला बसण्यापूर्वी एका वृद्ध मातोश्रींनी विचारले, "स्वामीजी, आपण आताच दयाधर्म सांगितलात. माझा नातू कच्छात नोकरीला आहे. तो म्हणतो, तिकडे गावकरी एकत्र येऊन बाभळी मुळासकट उपटतात आणि त्याला वन्य जीवांची सेवा म्हणतात. जिवंत झाड उपटणे ही सेवा कशी?" अलका म्हणजे पुराणातली कुबेराची नगरी. तिथे प्रश्न धनाचा येईल असे वाटले होते, आला तो गवताचा!

प्रश्न सरळ होता, म्हणून गोलगोल उत्तर देऊन चालणार नव्हते.

भुजच्या उत्तरेस बन्नी नावाचा गवताळ प्रदेश आहे, सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचा. १९५५ साली तो संरक्षित वन म्हणून जाहीर झाला. म्हणजे जमीन सरकारची. पण पिढ्यानपिढ्या तिथे गुरे चारतात ते मालधारी. रणाचा खार पुढे सरकू नये म्हणून १९६१ च्या सुमारास वनखात्याने तिथे परदेशी बाभूळ लावली. हेतू चांगलाच होता. परंतु या झाडाच्या शेंगा गोड. गुरे त्या खातात आणि शेणातून बी रानभर पडते. गुजरातीत तिला 'गांडो बावळ' म्हणतात, आपण वेडी बाभूळ म्हणतो. तिने गवत झाकून टाकले. गायींना शेंगा सोसेनात, म्हणून पुष्कळांनी म्हशींचा आश्रय केला. उघड्या रानात धावणारा चिंकारा, जमिनीत बीळ करणारा सांडा, गवतात घरटे करणारी पाखरे यांची जागा काट्यांनी घेतली. रानडुकराला मात्र ही झुडपे मानवली.

मातोश्री, महात्मा बसवेश्वरांनी धर्माचे मूळ दयेत पाहिले. पण डोळ्यांसमोरच्या हिरव्या फांदीवर माया करून दया संपते काय? त्या फांदीखाली कोण उपाशी राहिले, हेही वाकून पाहावे लागते. भावनगरकडे वेळावदरला काळविटांसाठी १९७६ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तिथेही हीच बाभूळ काढून रान मोकळे ठेवावे लागते, कारण काळवीट आणि तणमोर यांचे घर गवतात आहे.

आता काम कसे होते ते पाहा. बाभूळ वरून छाटली तर बुंध्यातून एकाऐवजी चार-पाच फुटवे येतात आणि जाळी अधिकच दाट होते. आपला क्रोध याच जातीचा. चारचौघांत तो छाटला जातो आणि घरी आल्यावर दुप्पट फुटतो. मूळ खणून काढावे लागते, आणि ते एकट्याचे काम नव्हे. एकाने आपला तुकडा साफ केला आणि शेजारचा तसाच राहिला, तर शेजारच्या शेंगा खाल्लेली गुरे पुन्हा इथेच बी टाकणार. म्हणून बन्नीतील काही गावांनी एकत्र बसून चराईचे तुकडे निवडले, बाभूळ काढली, गवत वर येईपर्यंत गुरे बाहेर ठेवली. २००८ पासून तिथल्या पशुपालकांची स्वतःची संघटनाही आहे.

सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी लोकांना सोबत घेऊन तळे खोदले, तेव्हा कोणाच्या घागरीत किती पाणी येईल असा हिशेब नव्हता. गाय, पाखरू, वाटसरू, सर्वांनी प्यावे. मालकी नसलेल्या जमिनीवर घाम गाळणे हाही दासोहच. अल्लमप्रभूंनी येऊन सिद्धरामांना टोचले, ते मात्र आपण सोयीने विसरतो. त्या टोचण्याचा भाव मला असा दिसतो: तळे खणलेस, आता 'मी खणले' हे कोण खणून काढणार? सार्वजनिक कामाला हे दुखणे फार लवकर जडते. फलक आधी लागतो, कुदळ मागाहून येते.

मातोश्रींचे समाधान अजून झाले नव्हते. "नातू सांगतो, त्याच बाभळीचा कोळसा करून कित्येक घरे चालतात. त्यांनी काय खावे?"

हा प्रश्न पहिल्याहून अवघड होता. दुसऱ्याची चूल विझवून केलेल्या सेवेला मी दासोह म्हणणार नाही. कोळसा करणाऱ्याला त्या बैठकीतून वगळता येत नाही. कोणते रान मोकळे करायचे, कोणती बाभूळ जळणासाठी राखायची, हे त्याच्यासमोर ठरावे आणि मूळ खणण्याची मजुरी आधी त्याला मिळावी.

"आणि एकदा काढली की झाले?" त्यांनी विचारले. नाही. बी मातीत पडून राहते, दर पावसाळ्यात नवी रोपे येतात. ओल्या मातीतून ती हाताने निघतात, वर्षभर थांबले तर कुदळ लागते.

"मग त्याला सांगते," त्या म्हणाल्या, "पाऊस पडला की रविवारी गावकऱ्यांबरोबर जात जा."