पत्ते आणि खिसे

जुगार वाईट हे सांगायला मी लिहीत नाही. ते जुगारी बापसुद्धा पोराला सांगतो. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्याला हिशेब येतो, त्यानं हिशेब न येणाऱ्यासंगं पैशावर पत्ते खेळावेत काय?

आमच्या दुसरबीडकडे पोळ्याला तिरट बसते. सोयाबीन अजून शेतात उभं, खिशात उसनवारीचा पैसा. 52 पत्त्यांतून तीन पानं 22100 तऱ्हांनी येतात. त्यातल्या 16440 तऱ्हांत ना जोडी, ना कलर, ना सिक्वेन्स. म्हणजे शंभरातले 74 हात फुसके. हे ज्याला ठाऊक, तो समोरच्याच्या मोठ्या चालीला उगाच भीत नाही.

आता चाल. बोर्डावर 50 रुपये आहेत, शो मागायला 10 लागतात. असा प्रसंग सहादा आला, त्यात एकदा जिंकलो, तर पाच वेळचे 50 गेले नि एकदाचे 50 आले. बरोबरी. सहात एकाहून जास्त आशा असेल तर दहा टाकावेत, नसेल तर पानं फेकावीत. एवढंच शास्त्र. पास्कल आणि फर्मा यांनी 1654 साली पत्रांतून असलेच डाव सोडवले. बाजूचा मजूर मात्र म्हणतो, "तीन डाव गेले, आता येतेच पाहा." पत्त्याला मागचा डाव आठवत नाही. मागचा जन्म तर नाहीच नाही.

मटक्यात लूट उघडी असते. आकडे दहा, लागला तर रुपयाला नऊ. दहावा रुपया खेळवणाऱ्याचा. तिरटीत लुटणारा दिसत नाही, कारण तो आपलाच, शेजारी मांडी घालून बसलेला.

कायदा पूर्वीपासून कौशल्याच्या बाजूनं. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सुप्रीम कोर्टानं 1968 साली म्हटलं. मोबाईलवरच्या पैशाच्या खेळांना 2025 च्या केंद्रीय कायद्यानं बंदी घातली, तेव्हा कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. मला वाटतं, नीतीचा प्रश्न कौशल्यापाशीच सुरू होतो. नशिबानं जिंकलो तर त्याचं अज्ञान माझी कमाई नसते. हिशेबानं जिंकलो तर असते.

एक दोस्त म्हणाला, "अबे, त्यानं बी शिकावं ना. कोनं अडवलं त्याले?" दोस्तहो, हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? राखीव जागांच्या वादात, मेरिटच्या नावानं, ते आपल्याला किती वेळा ऐकवलं! महाभारतात नळाला फाशांचं नि मोजणीचं ज्ञान मिळालं तेही ऋतुपर्ण राजाकडून, अश्वविद्येच्या बदल्यात. राजानं राजाला दिलं. ज्याच्याकडे बदल्यात द्यायला घोड्यांची विद्या नाही, त्यानं काय करावं?

समजा, दोघांनाही हिशेब येतो. तरी एक गोम राहतेच. माझ्याकडे 100 रुपये, सावकाराकडे 900. रुपया-रुपयाचा डाव, दोघांची आशा निम्मी-निम्मी, कुठं लबाडी नाही. कुणीतरी कफल्लक होईस्तोवर खेळलो, तर दहात नऊ वेळा मीच उठतो. त्याला दहा वाईट दिवस सोसतात, मला एकही नाही.

म्हणून मी पोरांना हा हिशेब शिकवतो तो आगपेटीच्या काड्यांवर, पैसे न लावता. प्रत्येकाला वीस काड्या. एकाला मुद्दाम पाचच देतो. बहुधा तोच आधी संपतो, आणि मग चिडून विचारतो, "मलेच काहून कमी देल्ल्या?"