दुसऱ्याची वेदना

दसरा-दिवाळी सरली, की बीड जिल्ह्यातील गावेच्या गावे ओस पडू लागतात. ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मानला जातो. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा, आणि दोघांपैकी एकाने जरी दिवस मोडला तरी 'खाडा' पडतो तो कोयत्यावरच. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचे, दिवसभर राबायचे, मोळ्या बांधून त्या डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायच्या आणि रात्री कोपीत येऊन चूल पेटवायची, असा बाईचा दिवस असतो. पाळी, गरोदरपण, ओटीपोटातली कळ यांना त्या हिशेबात रकाना नाही.

२०१९ साली या जिल्ह्याचे नाव देशभर झाले ते एका विलक्षण कारणाने. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची विचारपूस झाली होती. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशातील १५ ते ४९ या वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. अंगावरून पांढरे जाते, कंबर मोडून येते, पाळीत फार जाते, अशा तक्रारी घेऊन यांतल्या कित्येक बाया दवाखान्याची पायरी चढल्या. "पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल," असे ऐकून त्या शस्त्रक्रियेला राजी झाल्या. पाळीची कटकट आणि तिच्यापायी पडणारा खाडा कायमचा संपेल, म्हणून काहींनी स्वतःही होकार दिला. ज्या व्यवस्थेत असा होकार शहाणपणाचा ठरतो, तिच्याविषयी बोलावे तितके थोडेच.

दोषी कोण, हे ठरविणे हा या लेखाचा हेतू नाही. मला छळणारा प्रश्न अधिक साधा आहे, आणि तो बीडपुरता मर्यादितही नाही. एक माणूस दुसऱ्याला म्हणतो, "मला दुखते आहे." हे ऐकणाऱ्यावर नेमके कोणते ऋण चढते?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कारण वेदनेला साक्षीदार नसतो. ताप थर्मामीटरवर दिसतो, रक्तदाब यंत्रावर मोजता येतो. दुखणे मात्र ज्याचे त्यालाच ठाऊक. आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखलेले दिसते. 'वेदना' हा शब्द 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे आणि 'संवेदना' त्याचीच सख्खी बहीण. वेदना ही एक जाणीव आहे, आणि ती एकाच माणसापाशी असते. इतरांनी तिच्यावर विश्वास ठेवायचा किंवा नाही ठेवायचा, एवढेच त्यांच्या हाती उरते.

विज्ञानाने गेल्या शतकात या एकट्या जाणिवेचा पुष्कळ माग काढला आहे. देकार्तने सतराव्या शतकात वेदनेची कल्पना केली ती देवळातल्या घंटेच्या दोरीसारखी. पायाला विस्तव लागला, दोरी ओढली गेली, मेंदूत घंटा वाजली. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी दाखवून दिले, की मधल्या वाटेवर, पाठीच्या मज्जारज्जूत, जणू एक फाटक असते. स्पर्शाचे संदेश आणि वरून मेंदूकडून येणारे संदेश ते फाटक किलकिले करतात किंवा लोटून घेतात. पडलेल्या मुलाचा गुडघा आई चोळते आणि मूल शांत होते, यामागे मायेइतकेच शरीरशास्त्रही आहे. भीती, एकटेपणा, उद्याच्या भाकरीची चिंता यांनी तेच दुखणे वाढते. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीतल्या तिखट द्रव्याच्या साहाय्याने मज्जातंतूवरचे एक द्वार शोधून काढले. हेच द्वार उष्णतेच्या चटक्यानेही उघडते. ठेचा खाल्ल्यावर तोंडाची आग होते असे आपण म्हणतो, ते मज्जातंतूच्या दृष्टीने शब्दशः खरे ठरले. या संशोधनासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासमवेत मिळाले.

कर्करोगाच्या बाबतीत तर मज्जातंतूंचे आणखी एक अनपेक्षित रूप समोर आले आहे. वाढणारी गाठ नसांवर दाब देते, हाडात शिरून ते पोखरते, म्हणून दुखते, एवढेच पूर्वी सांगितले जाई. आता असे दिसते, की अनेक प्रकारच्या गाठी मज्जातंतूंना वाढवणारी द्रव्ये सोडून त्यांना आपल्याकडे ओढून घेतात आणि त्यांच्याकडून पोसल्याही जातात. उंदरांमधील प्रोस्टेटच्या कर्करोगात त्या भागाकडे जाणारे मज्जातंतू निकामी केल्यावर गाठीची वाढ व फैलाव रोखला जातो, असे २०१३ मध्ये आढळले. मेंदूतल्या काही गाठींच्या पेशी निरोगी मज्जापेशींशी थेट सांधे जोडतात, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ निरोप्या समजला गेलेला मज्जातंतू असा रोगाच्या कारस्थानात सामील निघाला. यातून उद्या नवी औषधे येतील. अफूच्या वाटेला न जाता तीव्र वेदना शमविणारी एक नवी गोळी जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्य झालीही आहे.

एवढे सारे जाणूनही शास्त्रज्ञांनी शेवटचा शब्द रुग्णालाच दिला, ही मला विशेष अर्थपूर्ण गोष्ट वाटते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली आणि तिला जोडलेल्या टिपांत असे नमूद केले, की माणूस आपल्याला दुखते असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर झाला पाहिजे. सांगता येत नाही म्हणून दुखत नाही, असेही समजू नये. प्रयोगशाळा इतकी वर्षे चालवून विज्ञान ज्या जागी पोहोचले, ती जागा 'विश्वास' या शब्दाच्या अगदी शेजारची आहे.

वेदना ही मुळात वैरीण नाही, हे येथे मान्य केले पाहिजे. महारोगात मज्जातंतू मरतात, चटका लागलेला कळत नाही, काटा रुतलेला समजत नाही आणि त्यातून बोटे झडतात. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिले, तेव्हापासून वेदनेला पहारेकऱ्याचा मान मिळाला. पण पहारेकऱ्याचे काम सावध करण्याचे. अखेरच्या अवस्थेतील कर्करोगाचे दुखणे कोणाला सावध करते? घर केव्हाच जागे झालेले असते आणि तरीही पहारेकरी रात्रभर ओरडत राहतो.

आता पुन्हा मराठवाड्याच्या त्या पट्ट्याकडे वळू. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे भय तेथे अनाठायी नव्हते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि स्त्रियांत हाच कर्करोग सर्वाधिक असल्याचे तिने दाखविले. पुढे बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक मोठा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच विषाणूची तपासणी केली, तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, असे त्यातून सिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात ३४ स्त्रिया या रोगाने दगावल्या. ज्या गटाची तपासणी न करता त्याला नेहमीच्याच सेवेवर ठेवले होते, त्यात ६४. तुलनेसाठी असा गट ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे वाद झाला आणि तो रास्तच होता. जगभरातील स्त्रियांना आज या तपासणीचा जो लाभ होतो, त्यात त्या चौसष्ट जणींचा वाटा आहे. त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. एका जिल्ह्यातल्या स्त्रियांच्या देहांतून जगाला कळले, की साध्या तपासणीने कॅन्सर वेळीच ओळखता येतो. लगतच्या जिल्ह्यातल्या स्त्रियांना, तपासणीऐवजी, त्याच कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला लावले गेले. पांढरे जाणे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने होते आणि तो स्वस्त औषधांनी बरा होतो. त्या बायांचे दुखणे खोटे नव्हते. ते ऐकूनच घेतले गेले नाही. ऐकणाऱ्याला जे विकायचे होते तेवढेच त्यातून उचलले गेले. बरे, वेदना तरी गेली का? तरुणपणी गर्भाशय, आणि अनेकदा त्याबरोबर बीजकोषही गेल्यावर अकाली रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात, सांधे धरतात, झोप उडते. मोळी मात्र तितक्याच वजनाची राहते.

आणि ज्यांना खरोखर कॅन्सर झाला त्यांचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सांगितले होते, की तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनने कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांची वेदना आटोक्यात ठेवता येते. औषध स्वस्त आहे. त्यासाठी लागणारी अफू आपल्याच देशात, मंदसौर-नीमचच्या शेतांत पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे काटेरी कुंपण घातले, की पुढच्या दशकभरात देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. व्यसनाच्या धास्तीपायी मरणाऱ्या माणसाला तळमळत ठेवले गेले. २०१४ मध्ये कायदा सुधारला. डॉक्टरांचा आणि औषध दुकानदारांचा संकोच सुधारायला त्याहून अधिक वेळ लागतो, हे ज्याने खेड्यातला रुग्ण सांभाळला आहे त्याला सांगावे लागत नाही.

येथे आपल्या घरांकडेही पाहणे प्राप्त आहे. आपल्यात एक जुनी, पवित्र सवय आहे. दुःख आले, की ते ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून देवाला अर्पण करायचे. ही सवय टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. तिच्या बळावर कितीतरी माणसे उभी राहिलेली आहेत. पण तिला एक सीमा आहे. मी माझी वेदना अर्पण करू शकतो, तुमची नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजीला "सोसा, प्रभूनेही सोसले" असे धडधाकट मुलगा सांगतो, तेव्हा तो जी गोष्ट अर्पण करतो आहे ती त्याच्या मालकीची नसते. कालवारीवर देऊ केलेला बोळमिश्रित द्राक्षारस प्रभूने घेतला नाही, हे खरे. मात्र तो नकार स्वतःपुरता होता. त्याच्याकडे आलेल्या आंधळ्या-पांगळ्यांपैकी एकालाही त्याने "तुझे दुखणे तुझ्या कल्याणाचे आहे, ते असू दे" असे सांगून परत पाठविल्याचे शुभवर्तमानात कोठे आढळत नाही.

हे म्हणणे नवे नाही. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी परमगुरू बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना स्पष्ट केले होते, की दुसरा उपाय नसेल आणि रुग्णाला आपली इतर धार्मिक व नैतिक कर्तव्ये पार पाडण्यास त्यामुळे अडथळा येत नसेल, तर वेदनाशामक द्यावे. त्याने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरी देता येते. मानवी दुःखाच्या अर्थावर योहान पॉल दुसरे यांनी १९८४ साली लिहिलेले प्रेषितीय पत्र क्रुसाच्या गूढाविषयी सखोल चिंतन करते आणि शेवटी चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर येऊन थांबते. त्या शोमरोन्याने जखमी वाटसरूला दुःखाचा अर्थ समजावून दिला नाही. त्याने तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, आपल्या जनावरावर बसविले आणि उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले.

१९८६ साली टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनी वांद्र्याला 'शांती आवेदना' आश्रम सुरू केला, तो भारतातला अशा प्रकारचा पहिला. बरे होण्याची आशा संपलेल्या कर्करोग्यांची वेदना शमवून त्यांना मानाने निरोप देणे, हेच तेथील काम. लंडनला १९६७ मध्ये सिसिली साँडर्स यांनी ज्या विचारातून असे शुश्रूषागृह उभे केले, त्याचे सार असे, की मरणाऱ्याची वेदना एकट्या शरीराची नसते. तीत मुलांची काळजी असते, कर्जाची असते, देवाशी चाललेले भांडणही असते. फडातल्या बाईच्या ओटीपोटातल्या कळेतही हे सारे असतेच. तिथे ते कोणी विचारत नाही, इतकेच.

बीडमध्ये २०१९ नंतर खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. हा नियम चांगला आहे. सुरीला तो अटकाव करतो. पण परवानगीचा प्रश्न येतो तो बाई दवाखान्यात पोहोचल्यावर. तिचे दुखणे त्याच्या कितीतरी आधी, फडात, सुरू झालेले असते. ते कोणाला सांगायचे, तर मुकादमाला. आणि दाखवायला जायचे, तर तो दिवस मोडतो, दोघांचाही.