राष्ट्रहित कुणाचं?

परदेशी संशोधकाला अमेरिकेत कायमचं राहायचं तर सहसा तिथला मालक लागतो. हे काम करायला आमच्याकडं माणूस मिळंना, असं त्या मालकानं आधी सरकारला पटवावं लागतं. पण 1990 च्या कायद्यानं एक वाट ठेवली. तुमचं काम त्या राष्ट्राच्या हिताचं असेल तर मालकाची अट माफ. अर्ज आपला आपण करायचा. त्याला ‘नॅशनल इंटरेस्ट वेव्हर’ म्हणतात.

आपली पीएच.डी. झालेली पोरं हा अर्ज भरायचं बोलू लागली की अभ्यासिकेत वाद पेटतो. जावं का? समाजाचं काय? माझा सवाल त्याच्या आधीचा आहे. राष्ट्रहित ठरवतं कोण? आणि ‘मी माझ्या गुणवत्तेवर गेलो’ यात खरं किती?

या अर्जांची कसोटी 2016 च्या ‘धनासर’ निकालानं ठरवली. कामाला मोल आणि राष्ट्रीय महत्त्व हवं, माणूस ते पुढं नेण्याच्या लायकीचा हवा, आणि अट माफ करण्यात राष्ट्राचा फायदा हवा. अर्जदार अतिवेगवान विमानांच्या इंजिनांवर काम करणारा संशोधक. शिकला नॉर्थ कॅरोलिना ए. अँड टी. विद्यापीठात. ही संस्था 1891 साली काळ्यांसाठी निघाली, कारण गोऱ्यांच्या कॉलेजात त्यांना दार बंद होतं. 1 फेब्रुवारी 1960 ला इथलेच चार विद्यार्थी ग्रीन्सबरोतल्या वूलवर्थ दुकानात गोऱ्यांसाठी राखलेल्या काउंटरवर जाऊन बसले आणि कॉफी मागितली. महाडला आपण पाणी मागितलं, त्याच जातीची ही मागणी.

अशा लढ्यांतून 1964 चा नागरी हक्क कायदा आला. त्याच रेट्यात 1965 चा स्थलांतर कायदा आला आणि देश बघून माणसं मोजणारा जुना कोटा मोडला. 1946 च्या कायद्यानं भारताच्या वाट्याला वर्षाला शंभर जागा होत्या. त्याही आधी, 1923 साली, भगतसिंग थिंड यांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात सांगून पाहिलं की मी उच्च जातीचा आर्य, म्हणून गोरा, मला नागरिक करा. कोर्टानं नाही म्हटलं. जात दाखवून ते दार उघडलं नाही. ते काळ्यांनी लाथा खाऊन उघडलं. त्यातून आत गेलेले आपले सवर्ण इंजिनिअर मात्र गुणवत्तेच्या गप्पा मारतात. जातही सोबत घेऊन गेले. म्हणून तर सिएटल शहराला 2023 साली जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला.

आता आपल्या घरचं राष्ट्रहित बघा. परदेशी शिक्षणाच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीतून 2022 साली भारताची संस्कृती, इतिहास आणि समाज हे विषयच वगळले. म्हणजे दलित पोरानं परदेशात जाऊन इंजिन शिकावं, जात शिकू नये! बाबासाहेबांनी 9 मे 1916 ला कोलंबियात जातिसंस्थेवर निबंध वाचला तो बडोद्याच्या पैशावर. हा नियम तेव्हा असता तर?

त्याच बडोद्याशी दहा वर्षं नोकरीचा करार होता. 1917 ला बाबासाहेब तो पाळायला गेले. संस्थानाला त्यांची विद्वत्ता पाहिजे होती, पण त्या गावात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. राष्ट्रहिताचा हिशेब मला इथंच कळतो. डोकं पाहिजे, माणूस नको.

म्हणून जाणाऱ्याला मी देशद्रोही म्हणणार नाही. जा. ज्या व्यवस्थेनं खोली दिली नाही, तिचं देणं आपल्यावर नाही. देणं माणसांचं आहे. ज्या बाईनं धुणीभांडी करून फी भरली तिचं, ज्यांनी वसतिगृहासाठी मोर्चे काढले त्यांचं, आणि ग्रीन्सबरोच्या त्या चौघांचंही. 18 मार्च 1956 ला आग्र्यात बाबासाहेब शिकलेल्यांबद्दल किती खंतावून बोलले, ते आठवा.

तिथल्या अर्जात राष्ट्राला तुमचा काय उपयोग ते लिहावं लागतं. ते लिहा. पण तिथं काळ्यांच्या मोर्चाला पाठ दाखवू नका, आडनाव लपवू नका. आणि इथल्या एका तरी पोराला जातीवरच संशोधन करायला पैसे पाठवा. सरकारनं वगळलेला विषय आपण चालवू.