बंद खोली

अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स. २०१२च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत २२ पदकं, त्यातली १८ सुवर्ण. तरी २०१४ साली हा माणूस कित्येक दिवस खोलीत पडून होता, जगायची इच्छाच उरली नव्हती. हे त्यानंच पुढं जगाला सांगितलं. त्यानं उपचार घेतले, मनातलं बोलू लागला. २०१६ला रिओत आणखी ५ सुवर्ण, १ रौप्य. (पदकांचं सोडा हो, माणूस वाचला!)

आपल्या घरातलं लेकरू असं दार लावून बसलं की आपण म्हणतो, "नाम घे, होईल ठीक." नाम घ्यावंच. पण आधी त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि डॉक्टरांकडे न्यायला लाजू नका. देह देवाचा, तसं मनही त्याचंच. त्याला औषध देणं हीसुद्धा सेवाच. आज जेवायच्या वेळी त्याला हाक मारा.