मला ओळखलंत का?

मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला भेटायला गेलं, की आपल्याकडे खाटेशी वाकून पहिला प्रश्न हमखास येतो, "मला ओळखलंत का?" विचारणारा मायेनेच विचारतो. पण आजाराने ज्याची स्मृतीच नेली, त्याची ती परीक्षा असते. तीत तो रोज, प्रत्येक पाहुण्यासमोर नापास होतो.

या प्रश्नामागची समजूत जुनी आहे. माणसाची ओळख त्याची आठवण पोचते तिथपर्यंतच, असं जॉन लॉक हा इंग्लिश तत्त्वज्ञ सतराव्या शतकात मांडून गेला. मग आठवण गेलेल्याने कोण व्हायचं?

लॉनी सू जॉन्सन या अमेरिकी चित्रकर्तीची हकिगत इथे सांगायला हवी. 'न्यू यॉर्कर'च्या मुखपृष्ठांवर तिची चित्रं झळकलेली. ती व्हायोला वाजवायची, स्वतः विमान चालवायची. डिसेंबर २००७ च्या अखेरीस विषाणूमुळे तिच्या मेंदूला सूज आली. जीव वाचला, पण नव्या आठवणी साठवायला लागणारा हिप्पोकॅम्पस हा भाग दोन्ही बाजूंनी उद्ध्वस्त झाला. दहा वर्षं संसार केला होता, तोही आठवेना. आताचं बोलणं काही मिनिटांत विरून जाई.

आपणहून चित्र काढणंही थांबलं होतं. आई मार्गारेट स्वतः चित्रकार. तिने हार मानली नाही. ती लेकीच्या शेजारी बसून तिच्याकडून रेघा काढून घेत राहिली. पुढे कुणीतरी शब्दशोध कोड्यांचं पुस्तक दिलं आणि काहीतरी जुळलं. लॉनी सू स्वतःच कोडी रचू लागली. कागदावर चौकटी, चौकटींत अक्षरं, शेजारी वर्णक्रमाने शब्दांची यादी. हळूहळू चौकटींना आकार आले, शब्दांतून चित्रं उगवली. २०११ मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं. पहिल्यासारखी ती झाली नाही, पण चित्रकार पुन्हा झाली.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तिला तपासलं, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. नामवंत चित्रं तिला ओळखता येत नव्हती. जलरंग कसे वापरावेत, हे मात्र ती नीट सांगू शकत होती. व्हायोलावर नव्या रचनाही तिच्या हातात बसल्या.

इंग्लंडमधले संगीतज्ज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांचं दुखणं असंच. १९८५ मध्ये हर्पिसच्या विषाणूने त्यांची स्मृती नेली. आपण आत्ताच जागे झालो, असं ते वहीत पुन्हा पुन्हा लिहीत आणि आधीची नोंद खोडत. पण पियानोपुढे बसले की वादन सलग चाले. पत्नी डेबोरा दुसऱ्या खोलीतून परतली, तरी वर्षांनी भेटावी तसे ते तिला मिठी मारत. लग्नाचा दिवस आठवत नव्हता, प्रेम तसंच होतं.

लॉक इथे अपुरा पडतो, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं. ओळखीचा बराचसा भाग हातांत आणि जवळच्या माणसांत असतो, आणि नव्याने उभारायला तिथूनच सुरुवात करता येते.

तेव्हा पुढच्या वेळी अशा घरी जाल, तर प्रश्न विचारू नका. आपलं नाव सांगा, नातं सांगा, शेजारी बसा. त्यांच्या हाताला काय येत होतं, ते घरच्यांना विचारून घ्या. पेटी येत असेल तर पेटी पुढे ठेवा. तांदूळ निवडायची सवय असेल, तर ताट.